सरदार दाराशीच उभा

गयामावशींच्या कादंबरीतला सरदार तिसऱ्या प्रकरणात घोड्यावरून आला आणि पुढची सगळी प्रकरणं गढीच्या दाराशीच उभा राहिला. मी कुरकुर केली की मावशी म्हणायच्या, "थांबू दे त्याला. घोडं बांध लिंबाला."

पूर्णा स्टेशनजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. अंगणवाडीतून रिटायर झालेल्या मावशी रोज दुपारी स्टुलावर बसून कादंबरी सांगायच्या, मी टाइप करायचो. निजामाच्या काळातली प्रेमकथा आहे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी आपला चांदणं, कारंजं असलं काही येईल म्हणून सरसावून बसलो. पण नायिका ही दोन बहिणींतली धाकटी, आणि या दोघींना सरदारासाठी सवडच नाही. त्या एकमेकींच्या डोक्याला तेल लावतात, नाहीतर माळवदावर कुरडया घालतात. सरदाराचा खलिता आला तेव्हाही दोघींचे हात चिकात होते. चीक गार झाला तर कुरडई तुटती, एवढं सांगून मावशींनी खलितेवाल्याला परत पाठवलं.

एकदा मी वैतागून म्हणालो, बिचाऱ्याला निदान तिचं तोंड तरी दिसू द्या. मावशींनी उदार मनानं विचार केला आणि सरदाराला दाराशी उभ्याउभ्याच माळवदावरचे कावळे हाकायला लावलं. कादंबरीतला प्रेमप्रसंग म्हणायचा तो तेवढाच.

दर गुरुवारी मावशींच्या धाकट्या बहीण कुसुमबाई पेडगावहून पॅसेंजरनं नवं प्रकरण ऐकायला यायच्या. मुलगा त्यांना कायमचं पुण्याला न्यायचं म्हणत होता. आक्काची कादंबरी संपली की येते, असं त्यांनी त्याला सांगून ठेवलेलं. हे कळल्यावर सरदार का खोळंबलाय ते माझ्या ध्यानात आलं. मग मीही कुरकुर बंद केली. उलट शेवया राहिल्यात की, असं मीच सुचवलं. मावशी खूश झाल्या.

परवाच्या गुरुवारी कुसुमबाई गाडीतून उतरताना दारातच खाली बसल्या. गुडघा उचलेना. त्यांना आणायला मावशी आणि मी फलाटावर गेलो होतो, दोघांनी धरून कसंबसं उतरवलं. दुकानात आल्यावर त्यांनी पदरानं घाम पुसला आणि हसत विचारलं, "आक्का, आज काय करायल्यात त्या दोघी?"

मावशी बहिणीचा गुडघा चोळत राहिल्या. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "लिही. दार उघडलं. सरदारानं धाकटीला घोड्यावर बसवलं. लय जपून बसवलं."

कुसुमबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मलाही समोरची अक्षरं धड दिसेनात. पण गोष्ट अर्धवट कशी सोडायची, म्हणून विचारलं, "आणि थोरली?"

"ती माळवदावर हाय," मावशी म्हणाल्या. "दोघींच्या वाटणीच्या कुरडया घालायलीय."