होल्डर पाहिजे, पण प्रमाणासकट

चैत्रातला दुसरा रविवार. रक्कम तीनशे चाळीस रुपये. हजर माणसं तीन: काशीतल्या मैदागिनजवळच्या मोबाइलच्या दुकानाचा मालक, मी, आणि आमचे शेजारी नाना. गाडीत फोन अडकवायचा होल्डर नानांनी काउंटरच्या काचेवर चिकटवला, त्यात स्वतःचा फोन बसवला आणि दोन्ही मुठी आवळून काउंटरवर असा दणका घातला, की शेजारचा पानवाला डोकावून बघायला लागला.

"अरे गुरुजी! दुकान तोड़ दीजिएगा क्या?"

"फोन गिरा?" नानांनी शांतपणे विचारलं.

"नहीं गिरा."

"हिला?"

"फोन का पता नहीं महाराज, हम तो हिल गए."

"ये आपके हिलने का प्रमाण हुआ. होल्डर का अभी बाकी है. एक बार और."

नानांनी पुन्हा मुठी उचलल्या तेव्हा मी घाईघाईनं पैसे काउंटरवर ठेवले. हा आमचा चौथा होल्डर होता.

इतकं वाचून कुणाला वाटेल की नानांकडे गाडी आहे. नाही. कधीच नव्हती. ते राहतात मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत. तिथं समोरून गाय आली तर माणसानं कुणाच्या तरी दारात शिरून तिला वाट द्यायची असते. गाडी माझी आहे, आणि तीसुद्धा मैदागिनला एका ओळखीच्या गृहस्थांच्या आवारात उभी राहते. तरीही मोटारीतल्या होल्डरांविषयी अख्ख्या काशीत नानांइतका कडक परीक्षक दुसरा नसेल. मी बँकेत आहे. न तपासलेल्या कागदावर मी सही करत नाही. हे विधान मी तपासून करतो आहे.

नानांनी सगळं आयुष्य पाठशाळेत न्यायशास्त्र, म्हणजे प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारं तर्कशास्त्र, शिकवण्यात घालवलं. ते निवृत्त झाले, शास्त्र झालं नाही. कुणी काहीही म्हणालं की नाना विचारणार, "प्रमाण काय?" भाजीवाल्यानं काकडी कोवळी असल्याचं सांगितलं की "प्रमाण?" बिचारा आता काही बोलतच नाही, अर्धी काकडी स्वतः खातो आणि अर्धी नानांच्या हातावर ठेवतो. डॉक्टरांनी "रक्तदाब उत्तम आहे" म्हटलं, तर नानांनी त्यांचं यंत्र आधी डॉक्टरांच्याच दंडाला बांधायला लावलं. त्यात डॉक्टरांचा रक्तदाब वाढलेला निघाला. तेव्हापासून ते नानांना फी विचारत नाहीत.

प्रमाण मिळालं तरी नाना लगेच मान्य करतील असंही नाही. तेव्हा त्यांचं दुसरं वाक्य येतं: "ठीक. पण सिद्ध नाही." आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही नानांच्या पाया पडायला गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "पंचवीस वर्षं. ठीक. पण सिद्ध नाही." ती हे वाक्य आजही भांडणात वापरते.

अशा माणसाला होल्डर कशाला हवा होता, ते सांगतो.

नानांच्या घरी दोघंच. नाना आणि मालतीकाकू. काकूंचं माहेर गंगेपलीकडे, रामनगरला. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून काकू घरात वॉकर धरून फिरतात, चहा-स्वयंपाक करतात, पण तीन मजल्यांचा तो उभा दगडी जिना त्यांच्यासाठी संपला. खुर्चीत बसवून खाली नेऊ, असं मी एकदा सुचवलं होतं. काकू म्हणाल्या, "सुधाकर, मला चार जणांनी उचलून गल्लीतून न्यायचं ते एकदाच. त्या दिवशी बघायला मी नसेन. आत्तापासून रिहर्सल कशाला?"

मग नानांनीच तोड काढली. मी गाडी चालवायची, नानांनी शेजारी बसायचं, त्यांचा फोन व्हिडिओ कॉल लावून समोर ठेवायचा, आणि काकूंनी पलंगावर बसून रामनगर बघायचं. फोन हातात धरता आला असता, पण नानांचे हात कापतात. ते तसं कबूल करत नाहीत. म्हणतात, "हस्त हा आधार शास्त्रात सिद्ध नाही." आणि चित्र जरा डुललं की काकूंना चक्कर येते. म्हणून होल्डर. तोही न हलणारा.

पहिला होल्डर एसीच्या जाळीला अडकवायचा होता. नानांचा फोन कव्हरसकट सव्वादोनशे ग्रॅम भरतो. मी वाण्याच्या काट्यावर तोलून पाहिला होता. पहिल्याच वळणावर होल्डरनं मान टाकली. दुसरा चुंबकाचा. तो धरून ठेवायचा, पण प्रत्येक गतिरोधकावर फोन बोटभर खाली सरकायचा. तिसरा, रबरी वाटी काचेवर दाबून बसवायचा, बरा वाटला म्हणून आम्ही काकूंना फोन लावून निघालो.

राजघाटचा पूल दुमजली आहे. वरून मोटारी, खालून रेल्वे. आम्ही बरोबर मध्यावर असताना खालून आगगाडी गेली, पूल थरथरला आणि रबरी वाटी सुटली. फोन डॅशबोर्डवर आपटला, तिथून गिअरवर, तिथून सीटखाली, आणि बंद पडला. पुलावर थांबता येत नाही. पलीकडच्या पडाव नावाच्या नाक्याला पोचून माझ्या फोनवरून घरी लावला तर काकू उचलेनात. त्यांना दिसलं होतं ते इतकंच: पाणी, आभाळ, मोठा आवाज आणि काळोख. मी माझ्या बायकोला फोन करून पळत त्यांच्याकडे वर पाठवलं. काकू तिला जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेल्या सापडल्या. वॉकर बाजूला पडला होता आणि एक पाय खालच्या पायरीवर सोडलेला होता.

त्या संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, "अजून एकदा बघते. पण पुन्हा पडला ना, तर मी फोन उचलणार नाही. रामनगर आठवतं तेवढं पुरे मला." नाना खिडकीशी उभे होते. "प्रमाण काय?" असं त्यांनी विचारलं नाही.

म्हणून चौथ्या होल्डरच्या वेळी काउंटरवर दणके बसले. त्यानंतर नानांनी रस्त्यावरची परीक्षा ठरवली. देवघरातली चिमुकली घंटा त्यांनी होल्डरला दोऱ्यानं बांधली. घंटा वाजली की होल्डर नापास. मैदागिनपासून कबीरचौऱ्यापर्यंत आम्ही घंटा किणकिणवत गेलो. रिक्षावाले बाजूला झाले. चौकातल्या हवालदारानं आम्हाला आधी सोडलं आणि हात जोडले. एका म्हातारीनं बॉनेटवर झेंडू ठेवला आणि विचारलं, "कउन देवता हैं, भइया?"

"लोकांची श्रद्धा ठीक आहे," नाना म्हणाले, "पण वाजतंय."

आणि पुढच्या गतिरोधकावर होल्डर घंटेसकट नानांच्या मांडीवर येऊन पडला.

मी गाडी कडेला घेतली. चांगला होल्डर होता. वाटी जाड, मान आखूड, फोन तिन्ही बाजूंनी पकडणारा. मी स्वतः पाहून घेतला होता. तो सुटायला कारण हवं. वाटी उलटी केली तर तिच्या काठावर बारीक राखाडी रेतीचं कडं.

"नाना, चिकटवायच्या आधी तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? शुद्धी."

"कशानं?"

नाना बाहेर बघायला लागले. "नवी वस्तू आहे. प्रवासाला निघायचं. पंचगंगा घाटावरचं गंगाजल शिंपडलं, थोडं वाटीला लावलं."

"तिसऱ्यालाही?"

"चौघांनाही. मी कुणात भेद करत नाही."

मी समजावलं की रबर आणि काच यांच्या मध्ये काही म्हणता काही चालत नाही, हवासुद्धा नको, मग घाटावरची रेती कशी चालेल?

नाना एकदम ताठ झाले. "गंगाजलानं वस्तू बिघडते? प्रमाण काय?"

मी काचेवरून बोट फिरवलं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं. बोटावर रेती होती. नानांनी ती चष्मा लावून पाहिली, चष्मा काढून पाहिली. "ठीक," म्हणाले. पुढचं वाक्य आलं नाही. पण शुद्धीशिवाय होल्डर लावायलाही ते तयार होईनात. शेवटी खटला काकूंपुढे गेला.

काकू लसूण सोलत होत्या. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. "अहो, तो पूल कशावर बांधलाय?"

"गंगेवर."

"मग? एवढी सगळी गंगा खालून वाहते आहे, त्यात तुमच्या लोटीतली कमी पडली का? सुधाकर सांगतो तसं सूख्या कपड्यानं पुसा आणि लावा. और सुनो, ती घंटा परत आणा. देव सकाळपासून गप्प बसलेत."

मी काच स्पिरिटनं पुसली, वाटी धुऊन वाळवली आणि होल्डर काचेवर खाली, समोरचं दिसायला आड येणार नाही असा दाबून बसवला. आठवडाभर रोज कामावरून येताना आवारात जाऊन तो ओढून बघितला. जागचा हलला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी निघालो. माझी बायको काकूंपाशी बसली. काकूंनी इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. रामनगरला जायचं होतं. नानांना ते पडद्यावर दिसलं. त्यांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली.

पुलावर चढलो. मध्यावर पोचलो. तेवढ्यात खालून गाडी आली. आधी धडधड, मग लोखंडाचा तो गुरगुराट, आणि स्टिअरिंग माझ्या तळव्यांत थरथरायला लागलं. मी नजर रस्त्यावर ठेवली होती, तरी डाव्या कोपऱ्यातून मला दिसत होतं. चालायला शिकणाऱ्या मुलामागे आपण धरतो तसे नानांनी दोन्ही हात फोनखाली धरले होते. न टेकवता. हात थरथरत होते. फोन थरथरत नव्हता.

"गाडी चालली ना खालून?" फोनमधून काकू.

"हो."

"मग चित्र कसं हललं नाही?"

नानांनी हात मागे घेतले. "सिद्ध आहे ते," म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून नकाराशिवाय पहिल्यांदा ऐकला.

रामनगरात शिरल्यावर काकूंनी गाडी ताब्यात घेतली. "हळू. डावीकडे. आता किल्ल्याचा चौक येईल... आला बघ! आता एक नीम. नाही? तोडला वाटतं मेल्यांनी. पुढं चल." त्यांच्या वडिलांच्या घराच्या जागी सिमेंटचं दुकान होतं. मला वाटलं, आता रडतील. काकू म्हणाल्या, "बरं झालं. पावसाळाभर गळायचं. सहा बादल्या लावायचो आम्ही." आणि हसल्या. मग शाळा पाहिली, किल्ल्याचा दरवाजा पाहिला, आणि चौकातल्या लस्सीच्या दुकानापाशी म्हणाल्या, "थांबा. इथं उतरा दोघंही. मला काढून घ्या बाहेर."

मी फोन होल्डरमधून काढून दुकानाच्या फळीवर बरणीला टेकवून ठेवला.

"रस्ता पुरे झाला," काकू म्हणाल्या. "सुधाकर, कॅमेरा आता यांच्याकडे कर."

"माझ्यात काय बघायचंय?" नाना. "रोज बघतेस."

"रोज घरातले बघते. बाहेरचे कुठे दिसता? जिना उतरलात की पावलं ऐकू येतात, तेवढेच."

मी कॅमेरा फिरवला. नाना फोटो काढायला बसल्यासारखे ताठ उभे राहिले. काकू बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. दुकानदार मातीचं कुल्हड भरायला लागला तसा त्यांनी फोनमधूनच आवाज दिला, "भैया, गुरुजी का कुल्हड़ पूरा मत भरना. आधा-आधा करके दो बार देना."

"का गं?" नाना म्हणाले.

"असंच. घरीसुद्धा अर्धाच कप देते ना चहा? इतकी वर्षं विचारलंत कधी?"

नानांनी विचारलं नव्हतं. आत्ताही विचारलं नाही. अर्धं कुल्हड त्यांनी दोन्ही हातांत घेतलं. ते कापत होतं, पण काही सांडलं नाही. मिशीला साय लागली. "उजवीकडे पुसा," काकू म्हणाल्या. त्यांनी पुसली.

मी खिशात हात घातला तशा काकू माझ्यावर ओरडल्या. "खबरदार! माझ्या गावात येऊन तू पैसे देणार? भैया, अपना नंबर बोलिए." दुकानदारानं नंबर सांगितला. माझ्या बायकोनं तो तिकडे काकूंच्या फोनमध्ये टिपला आणि पैसे पाठवले. थोड्या वेळानं फळीवरच्या, पैसे जमा झाले की बोलणाऱ्या डब्यानं सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा आवाज दिला: अस्सी रुपये प्राप्त हुए.

घेणारा रामनगरचा लस्सीवाला. देणारी त्याच गावची लेक.