परपुरुष प्रोसेसर

"गुरुवारी तुमच्या दिवाणखान्यात लग्नाचा व्हिडिओ लागला नाही, तर मी पुन्हा कॅमेऱ्याला हात लावणार नाही!" इंतिसारने नवरीच्या आईला, हाज्जा मबरूकाला, छातीठोकपणे सांगून टाकले होते.

त्रिपोलीत बायकांचा लग्नसोहळा बायकांपुरताच असतो. मोबाइल दारातच काढून घेतात. आतल्या मोकळ्या केसांचे, बेभान पावलांचे चित्रण बाईच करते आणि बाईच ते जुळवते. या धंद्यात इंतिसार नवी होती. गुरुवारी हाज्जाकडे अख्खी गल्ली जमणार. नाव व्हायचे की बुडायचे, ते तिथेच ठरणार होते.

आणि नेमका तिचा कॉम्प्युटर नवरीच्या, हनादीच्या, उंचावलेल्या हातापाशी येऊन अडखळू लागला. मेंदीने रंगलेला तो हात पडद्यावर असा वर सरके, जणू समुद्राच्या तळातून कुणी बुडालेले जहाज ओढून काढत आहे! इंतिसार उठे, बसे, खिडकी उघडे, पुन्हा लावून घेई. प्रोसेसर बदलावा? आणि नव्याने घात केला तर? न बदलावा? मग गुरुवारचे काय? फेसासाठी चहा एका किटलीतून दुसरीत ओतताना तिचा निश्चय चहाबरोबर इकडून तिकडे, तिकडून इकडे होत राहिला. अखेर तिने राशीद रस्त्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान असलेल्या फतहीला फोन लावला आणि, उत्साहाच्या भरात, हाज्जालाही.

फराशियाची पांढरी चादर नखशिखांत लपेटून हाज्जा दारात हजर!

"माझ्या बायका बाजारात घेऊन निघालीस?"

"बायका या डिस्कमध्ये आहेत, मावशी. ही तुमच्याजवळच ठेवा."

हाज्जाने डिस्क छातीशी खोचली. "मग तो प्रोसेसर काय करतो?"

"तो एकेक चित्र वाचतो, पुढे पाठवतो."

"म्हणजे त्यानं सगळं पाहिलंय!"

"अहो, नखाएवढा तुकडा तो!"

"आणि डोळ्याची बाहुली केवढी असते गं?"

कॉम्प्युटरलाही एक फराशिया नेसवण्यात आली. टॅक्सीत हाज्जाच्या मांडीवरचे ते निश्चल गाठोडे पाहून चालक हळहळला, "आजारी आहे का कुणी? इस्पितळात घेऊ?"

"समोर बघ!"

फतहीने नवा प्रोसेसर बसवला. डिस्क जोडायची वेळ आली तशी हाज्जा कडाडली, "तोंड भिंतीकडे!"

"हाज्जा, दुकान माझं आहे!"

"भिंतही तुझीच आहे. बघ तिच्याकडे."

हनादीचा हात पाखरासारखा वर झेपावला! इंतिसारचे डोळे भरून आले. फतही भिंतीलाच अभिमानाने सांगू लागला, "चालतोय ना झकास? चालणारच! आधीच्या मालकानं यावर नुसत्या फुटबॉलच्या मॅच जुळवल्यात."



"हा दुसऱ्याकडून आलाय? पुरुषांतून?" हाज्जाने डिस्क उपटून घेतली. "काढ त्याला!"

"मावशी, गुरुवार!"

"जुन्यानं पाहिलं ते पाहिलं. तो आता घरचा झाला. आणखी एका परक्याला कशाला दाखवायचं?"

गुरुवारी जुन्या प्रोसेसरने कण्हत-कुंथत जेवढे दिले, तेवढेच घेऊन इंतिसार गेली: पाहुण्यांचे आगमन. दारातून येणाऱ्या मावश्या, आत्या, शेजारणी. मनगटांवर हिंदकळणारे सोने. ओठांतून सुटणाऱ्या आनंदाच्या ललकाऱ्या. आणि कमरेवर हात ठेवून साक्षात हाज्जा, नाचताना! नवरीचे पाऊल उंबऱ्यावर पडते न पडते तोच पडदा काळाठिक्कर.

इंतिसारने मान खाली घातली. आता वीज कोसळणार!

"पुन्हा लाव!" मागून कुणीतरी ओरडले.

"अगं, ती मी! बघ, बघ, मीच!"

"थांबव तिथं! माझी माळ दिसू दे!"

पुन्हा लावले. पुन्हा. हनादी रडकुंडीला आली. "आणि मी कुठंय?"

"तुला बघायला तुझा नवरा आहे, बये!" पडद्यावरची नजर न हलवता हाज्जा म्हणाली. "आम्हाला कोण बघतंय?"

निघताना दोन लग्नांचे काम तिथल्या तिथे मिळाले. अट एकच. "जुन्यावरच कर हं, पोरी," हाज्जाने बजावले. "त्याला आता आमची सवय झालीय."

"अर्थात, मावशी!" इंतिसारने लगबगीने मान डोलावली, आणि सकाळीच मागवलेल्या कोऱ्या, सीलबंद प्रोसेसरविषयी अवाक्षरही काढले नाही.