चारचौघांत शहाणा बॉयलर

अण्णा डोक्याला साबण लावून उभे होते आणि नळातून एकाएकी गारढोण पाणी यायला लागलं.

"बंद पडला!" ते न्हाणीघरातून ओरडले.

"पुन्हा? तुम्ही स्वतः उभं राहून बसवलेला ना तो?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. आवाजात काळजीपेक्षा समाधानच जास्त होतं.

गॅसचा बॉयलर अण्णांनी सगळ्यांचा विरोध मोडून घरात आणला होता. घरात गॅस जळत ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ, असं बायकोचं म्हणणं. अण्णांनी उभा जन्म कारखान्यात फोरमनकी केलेली. त्यांनी तिला धुराच्या नळीवर व्याख्यान दिलं. जळलेल्या गॅसच्या विषाला ना रंग, ना वास. माणसाला कळतसुद्धा नाही. म्हणून तर ही नळी भिंतीतून पार गॅलरीच्या कठड्याबाहेर काढली आहे. तिचं तोंड मोकळं असलं की घोर नाही, आणि कुठे अडलंच तर यंत्र आपण होऊन बंद होतं. हे व्याख्यान शेजाऱ्यांनीही ऐकलं होतं, काहींनी दोनदा. अण्णा जिन्यात दिसले की हल्ली लोकांना घरी काहीतरी विसरल्याचं आठवायचं.

पण मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली आणि बॉयलरला अवदसा आठवली. रोज सकाळी ऐन आंघोळीच्या वेळी तो मान टाकायचा. त्या दिवशी बाळाच्या अंगाला साबण लागलेला असतानाच पाणी गार झालं. नातीने असा टाहो फोडला की अण्णांच्या काळजाचं पाणी झालं.

"अण्णा, माझा भरवसा उडालाय त्या यंत्रावरचा," मुलगी बॅग काढत म्हणाली. "आज दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर संध्याकाळी मी निघाले."

 नातीला मांडीवर घेऊन पेपर वाचायची अण्णांना इतकी सवय लागली होती, की तिच्याशिवाय पेपर हातात धरायचीही इच्छा होईना. त्यांनी तातडीने मेकॅनिकला फोन लावला.

मेकॅनिक येणार म्हटल्यावर बायकोने घर आवरायला घेतलं. चपला रांगेत लागल्या, उशांना धुतलेले अभ्रे चढले, गॅलरीतले कपडे ओले-सुके न बघता आत आले. परक्या माणसाला आपले वाळत घातलेले कपडे दिसता कामा नयेत, हा त्या घरचा कायदा होता. मेकॅनिकने नळ सोडला तर वाफाळतं पाणी! त्याने झाकण उघडून पाहिलं, फुंकर मारली आणि गेला. तासाभरात बॉयलर बंद.

त्याला दुसऱ्यांदा बोलावलं. घर पुन्हा आवरलं गेलं आणि बॉयलर पुन्हा शहाण्यासारखा चालायला लागला.

"काका, बॉयलर ठणठणीत आहे," मेकॅनिक हळुवारपणे म्हणाला. "तुमची तब्येत कशी आहे?"

अण्णांनी नकळत स्वतःची नाडी चाचपली. मेकॅनिक खालच्या मजल्यावरचं काम उरकायला गेला. आत मुलगी बाळाच्या टोप्या गोळा करत होती.

थोड्या वेळाने तो विसरलेली पक्कड न्यायला परत आला. दार उघडंच होतं. येणार असल्याची वर्दी नव्हती, त्यामुळे घर पुन्हा पसरलं होतं आणि आत आणलेले कपडे गॅलरीत परतले होते. त्याने सहज नळ सोडला, तर पाणी गार. तो तडक गॅलरीत गेला. अण्णाही मागोमाग धावले.

नळीच्या तोंडावर बाळाचं दुपटं बांधलेलं होतं. चांगलं दोन गाठी मारून.

"काका, ऊन नाही म्हणून इथे वाळवताय होय? अहो, यंत्राने जीव वाचवला तुमचा! बंद पडलं नसतं तर?"

बाळाचे कपडे घरात एकटी मुलगीच धुवायची. अण्णांची छाती फुगली. आठवडाभर सोसलेल्या टोमण्यांची सव्याज परतफेड करण्याची घडी आली होती. तेवढ्यात दारात मुलगी आली, खांद्यावर झोपलेलं बाळ घेऊन. अण्णांनी दुपटं झटकन खिशात कोंबलं.

"काय निघालं?"

"माझीच चूक," अण्णा म्हणाले. "नळी जरा वाकडी बसली होती. आता झाली सरळ."

मेकॅनिक पक्कड हातात धरून पाहतच राहिला. बायकोने येऊन अण्णांच्या कपाळाला हात लावून पाहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, 'माझी चूक' हे शब्द तिने त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मुलगी खुदकन हसली, आत गेली आणि बॅग उपसून कपडे पुन्हा कपाटात लावायला लागली. अण्णांना धन्य धन्य वाटलं.

"बरं झालं बाई, तुमचीच चूक निघाली," ती आतून म्हणाली. "मला आपली धाकधूक होती, माझ्या दुपट्यांमुळेच बंद पडतोय की काय! तसं निघालं असतं तर तुमचं व्याख्यान ऐकण्यापेक्षा पळून गेलेलं परवडलं असतं. आता निर्धास्तपणे तिथेच वाळत घालते. काय मस्त ऊब असते हो!"

अण्णांनी बाळाकडे पाहिलं. मग रिकाम्या बॅगेकडे पाहिलं, ती उचलली आणि कपाटावर पार मागे ढकलून दिली. खिशातून दुपटं काढलं, घसा खाकरला आणि मुलीसमोर खुर्ची ओढून बसले.

"जळलेल्या गॅसच्या विषाला," त्यांनी सुरुवात केली, "ना रंग असतो, ना वास."