खारीच्या रश्श्यासाठी रायफल

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नका! मी स्वतः तिथे हजर नसतो तर मीही ठेवला नसता. पण केंटकीच्या या डोंगरांत, आमच्या टर्की फोर्क गावात, माझ्याइतका खरं बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही. हे ऐकलं की गावातले लोक हसतात, तो त्यांचा स्वभाव.

तर, खारींच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की पहिल्या शनिवारी आमच्या अग्निशमन केंद्राच्या अंगणात काहील चढते. काहील म्हणजे केवढी, तर वासराला आत बसवून आंघोळ घालावी! त्यात मका, बटाटे, टोमॅटो, वाल आणि खारी. खारी आणायचा आणि काहील ढवळायचा मान माझा. माझ्या वडिलांपासूनचा.

गेल्या वर्षी मात्र जरा गडबड झाली. माझी बंदूक छर्ऱ्याची. ती झाडली की खार पडते, पण छर्रे मांसात राहतात. पास्टर एस्टिल यांनी प्रार्थना म्हटली, 'आमेन' म्हटलं, पहिला घास घेतला आणि कट्! अर्धा दात गेला. मग काय, प्रवचनात ते 'स' म्हणाले की अशी शिट्टी वाजायची, की बाहेर बांधलेली शिकारी कुत्री साखळ्या तोडून चर्चमध्ये यायची!

गावच्या बायकांनी निकाल दिला. यंदा खार हवी ती डोक्यात एकच गोळी बसलेली. जमत नसेल तर दुकानातली कोंबडी, आणि काहील कायमची हार्लिसकडे!

हार्लिस म्हणजे माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, ओलेटाचा, धाकटा भाऊ. तो त्याच दिवशी पळी हातात धरून आरशासमोर उभा राहिला असणार.

"दाजी, सोडा आता हट्ट," तो म्हणाला. "तुम्हाला खार दिसते तरी का? परवा तुम्ही माझ्या दारातल्या टपालपेटीशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता."

"पेटीनं निदान ऐकून तरी घेतलं! तू घेतोस?"

तडक उठलो आणि नडीनच्या बंदुकांच्या दुकानात गेलो.

"एक पॉइंट टू-टूची रायफल दे," मी म्हटलं. "एका दमात दहा गोळ्या सुटल्या पाहिजेत."

"व्हर्लिनकाका, खार मारायचीय की झाड पाडायचंय?" नडीन म्हणाली. "तुम्हाला बोल्टची हवी. एक गोळी झाडायची, हातानं बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली पाडायचा, मग दुसरी. तेवढ्यात माणूस जरा विचार करतो."

"आणि त्याला विचार करायचा नसेल तर?"

"तर त्याच्या हातात मी झाडूसुद्धा देत नाही."

पहिली रायफल तिनं दिली ती इतकी जड, की ती घेऊन डोंगर चढेपर्यंत खारीला पतवंडं झाली असती. दुसरीचा दस्ता इतका आखूड, की चाप ओढताना माझाच अंगठा माझ्या नाकावर बसला. तिसरी मात्र, अहाहा! अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, हलकी, आणि बोल्ट असा सरकायचा जशी लोण्यातून सुरी. तिथल्या तिथे जीव जडला. मी नडीनला म्हटलं, "बांध!"

"बांधते, पण गोळ्यांचं काय? हिला कुठली मानवते ते आधी बघायला लागेल."

खरंच सांगतो, सासरी पहिल्यांदा आलेला जावई बरा, इतक्या तिच्या खोडी! दुकानामागच्या बांधावर कागद लावून बसलो. एका कंपनीच्या गोळ्यांनी कागदाची चाळणी झाली. दुसरीच्या गोळ्या कागदाला शिवल्याच नाहीत. शेवटी नडीननं मागच्या फळीवरची एक धुळकट डबी काढली, आणि सगळ्या गोळ्या सदऱ्याच्या बटणाएवढ्या जागेत! वर नवी कोरी दुर्बीण बसवून घेतली. टपालपेटी आणि माणूस यांतला फरक आता मला मैलभरावरून कळत होता.

शनिवारी सकाळी रायफल घेऊन घराबाहेर पडलो, तो समोरच, कुंपणापलीकडच्या खोडक्यावर, एक गलेलठ्ठ खार अक्रोड फोडत बसलेली! आता हात स्थिर हवा. टेकू कशाचा घ्यावा? अंगणात ओलेटाची पिकअप उभी होती. ओलेटा पंधरवडाभर बहिणीकडे गेलेली, ती परस्पर जेवणालाच येणार होती. मी रायफल बॉनेटवर टेकवली, दुर्बिणीला डोळा लावला. खारीच्या मिश्यासुद्धा मोजता येत होत्या!

धाड!

खार अक्रोड खातेच आहे.

बोल्ट ओढला, ढकलला, पाडला. धाड! खारीनं अक्रोड फिरवून दुसऱ्या बाजूनं कुरतडायला घेतला. धाड! आता तिनं मागे वळून पाहिलं, हा म्हातारा नक्की कुणाला मारतोय म्हणून. मी चिडलो. सगळ्या गोळ्या संपवल्या!

"दाजी!" हार्लिस फाटकातून ओरडत आला. "काय चाललंय?"

"ती खार मारतोय, दिसत नाही?"

"मग ओलेटाताईच्या गाडीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

मी खाली पाहिलं. बॉनेटवर कुणीतरी नांगर फिरवला होता! मधे मधे आरपार भोकं.

"अहो, दुर्बीण वर आहे, नळी खाली!" हार्लिसला हसू आवरेना. "तुम्हाला खार दिसतेय, पण नळीच्या पुढ्यात नुसतं बॉनेट! जुनी बंदूक बिनदुर्बिणीची होती, तेव्हा हे असं कधी झालं नाही! जाऊ दे, दुपारी मी कोंबड्या आणतो. तुम्ही काहील घासून ठेवा."

आणि तो फाटकाशी पुन्हा एकदा पोट धरून हसला आणि गेला.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते. साक्षीला कुणी नव्हतं, हेच माझं दुर्दैव. बॉनेट उघडून पाहतो तर काय! पंधरवडाभर उभ्या गाडीत खारींनी संसार थाटलेला! इंजिनाभोवती पानांची गादी, बॅटरीवर अक्रोडांचं कोठार, आणि रांगेत पडलेल्या डझनभर खारी! एकेकीच्या डोक्यात एकेक गोळी, अगदी बायकांनी ठरवून दिलं होतं तशी! मी डोळे पुसले, खारी सोलल्या, आणि कुणी यायच्या आत काहील चढवली.

संध्याकाळी अग्निशमन केंद्राच्या अंगणात वाडगे भरले जात होते तेव्हा मी ही हकीकत सगळ्यांना अशीच सांगितली. हार्लिस हात हलवत आला होता.

"दुकानात एकसुद्धा कोंबडी नाही!" तो कुरकुरला. "म्हणे सकाळीच कुणी म्हातारा सगळ्या उचलून घेऊन गेला."

"जगात खादाड माणसं असतात बाबा," मी पळी फिरवत म्हटलं.

पास्टर एस्टिल यांनी जपून घास घेतला, चावला, गिळला. सगळं अंगण त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"मऊ आहे," ते म्हणाले. "फारच मऊ! व्हर्लिन, पुढच्या वर्षीही काहील तुझ्याचकडे राहू दे."

टाळ्या पडल्या. बायकांनीसुद्धा माना डोलावल्या. मी टोपी काढून वाकलो आणि गाडीच्या नुकसानाबद्दल ओलेटाकडे पाहून म्हटलं, "बघितलंस? तुझ्या बॉनेटला भोकं पडली नसती, तर आज गाव खारीवाचून उपाशी राहिलं असतं!"

ओलेटा मान खाली घालून वाडग्यात चमच्यानं काहीतरी शोधत होती. मग तिनं दोन बोटांत एक बारीक, वाकडं हाड धरून सगळ्यांना दिसेल असं वर केलं.

"व्हर्लिन, गाडीचं आपण घरी बोलू," ती म्हणाली. "आधी मला हे सांग, खारीला पंख कधीपासून फुटायला लागले?"