आक्का नावाचं सामान

आक्कांना गुरुवारी सकाळी दहाच्या आत लेकीच्या उशाशी पोचायचं होतं, म्हणून त्या मंगळवारी दुपारीच घराबाहेर पडल्या. मध्ये एक समुद्र होता. समुद्राचं आक्कांना काही वाटलं नाही. समुद्र निदान एकाच जागी असतो.

लेकीचं हे पहिलं बाळ, तेही लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर. डॉक्टरांनी ऑपरेशनला दहाची वेळ दिली होती. लेक फोनवर रडवेली होऊन म्हणाली होती, "आई, बाळ बाहेर आलं की पहिल्यांदा तुझ्या गोधडीतच घ्यायचं. दुसरं कापड त्याच्या अंगाला लागायला नको." गोधडी अकरा वर्षांपूर्वीच शिवून तयार होती. आक्का दर वर्षी तिचे टाके उसवायच्या आणि पुन्हा घालायच्या. पडून राहिलेल्या गोधडीला आणि पडून राहिलेल्या माणसाला सारखीच कसर लागते, असं त्यांचं मत होतं. ती त्यांनी तपकिरी बॅगेत ठेवली आणि बॅगेला वरून दोरी बांधली. चेनवर त्यांचा विश्वास नव्हता.

तिकीट तिन्ही मुलांनी मिळून काढलं. विमानप्रवासाचे साठवलेले पॉइंट थोरल्याचे, कार्ड मधल्याचं, मोबाइलवर बटणं दाबली धाकट्यानं. तसे तिघे एकजुटीचे. आईला ठेवून घेण्यावरून त्यांच्यात कधी शब्दाला शब्द लागला नाही, कारण चार-चार महिन्यांच्या पाळ्या कॅलेंडरवर आखलेल्या होत्या. आक्का हे अख्ख्या गल्लीला मान ताठ करून सांगायच्या. "माझ्या घरात भांडण नाही हो. शिस्त आहे." थोरल्याची पाळी सोमवारी संपली होती आणि मधल्याची, आक्का परत आल्यावर सुरू व्हायची होती. त्यामुळे मंगळवारी विमानतळावर कोणी सोडायचं हा प्रश्न तत्त्वतः खुला राहिला. आक्का टॅक्सीनं आल्या.

शाळा त्यांची दुसरीत सुटलेली. अक्षरांशी कधी जमलं नाही, पण एकदा पाहिलेलं चित्र त्या जन्मात विसरत नसत. धाकट्यानं म्हणूनच सांगून ठेवलं होतं, "शेपटीवर कासव असलेलं विमान, आई. कासवाच्याच रांगेत उभी राहा."

"उडायच्या वस्तूवर कासव काढणारा माणूस शहाणा असेल का रे?" आक्कांनी विचारलं होतं. पण राहिल्या उभ्या. दीड तासानं नंबर लागला.

"आजी, तिकीट आमचंच आहे," काउंटरवरची मुलगी गोड हसली. "विमान मात्र माशाचं आहे."

"आजी घरी. इथं आक्का म्हण. मग कासव काय करतं?"

"कासव तिकीट विकतं."

"आणि मासा?"

"मासा उडतो. पण माशाकडे आज विमान शिल्लक नाही, म्हणून त्यानं हरणाचं घेतलंय. दारात नमस्कार करणारी माणसं माशाची, जेवण कासवाचं, आणि वैमानिक..." मुलीनं पडद्याकडे पाहिलं. "त्याचं ठरतंय."

आक्कांनी पदर सावरला. "आणि उशीर झाला तर तो कोणाचा?"

"उशीर सामाईक असतो, आक्का."

मग त्या मुलीनं मागच्या फलकाकडे बोट दाखवलं. एका हातानं दुसरा हात धरलेला, खाली निळी रेघ. ही महामैत्री. एकोणीस विमान कंपन्यांचं एक कुटुंब. महामैत्रीकडे स्वतःचं विमान नाही, वैमानिक नाही, धावपट्टी नाही, खिडकी नाही. एक चिन्ह आहे, एक गाणं आहे आणि दर सहा महिन्यांनी एक सभा असते, तिच्यात आणखी एक कंपनी सामावून घेण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो.

"आणखी कशाला? एकोणीस पुरत नाहीत?"

"जिथं आम्ही जात नाही, तिथंही आम्ही जातो असं सांगता यावं म्हणून."

"हां, म्हणजे सोयरीक," आक्कांना नीट उमगलं. "आमची शेजारीण सांगत फिरायची, आमच्या दारात मोटार आहे. मोटार व्याह्याची. दार तेवढं हिचं."

मुलीनं बॅग मागितली. आक्कांनी ती पोटाशी धरली. बॅग मोठी आहे, आत नेता येणार नाही, पण काळजी नको, ती थेट शेवटच्या गावी निघेल, मध्ये कुणी हात लावणार नाही, असं मुलगी म्हणाली.

"ठेवू कोणाच्या भरवशावर?"

"महामैत्रीच्या."

"तोंड दाखव तिचं."

मुलीनं पुन्हा फलकाकडेच बोट दाखवलं. नुसत्या हातांवर विश्वास ठेवायची आक्कांवर ही पहिलीच वेळ होती. बॅगेच्या कानाला लांब कागदी टॅग लागला आणि ती पट्ट्यावरून निघून गेली. जाताना दोरीचं टोक तेवढं हललं.

विमान तीन तास उशिरा निघालं. विलंबाबद्दल माशानं कासवाच्या वतीनं दिलगिरी व्यक्त केली आणि हरणानं तिला अनुमोदन दिलं. पांघरायला मऊ, उबदार कापड मिळालं, त्याच्या कोपऱ्यात दोन्ही हात भरतकाम करून काढलेले. आक्कांनी टाके उलटसुलट तपासले आणि यंत्राचे आहेत म्हणून नाक मुरडलं. तरी उतरताना ते काखेत मारलं. सोयरिकीत काही ना काही हाताला लागलंच पाहिजे.

मधल्या विमानतळावर त्यांना चार तास काढायचे होते. थोरल्याच्या पॉइंटांच्या पुण्याईनं त्यांना गालिचा घातलेल्या सामाईक विश्रांती दालनात बसवलं. त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला असेल नसेल, एक टायवाला साहेब आला आणि त्यानं हातातला कप अदबीनं काढून घेतला.

"क्षमा करा. हरीण महामैत्रीतून बाहेर पडलंय. पावणेबारापासून ते परममैत्रीत आहे. हे दालन हरणाचं."

"अरे, मी हरणातूनच उतरले!"

"आपण बसलात तेव्हा आम्ही मित्र होतो. उतरलात तेव्हा नव्हतो. सगळं अत्यंत मैत्रीपूर्ण वातावरणात पार पडलं."

"चहा तरी पिऊ दे."

"चहा महामैत्रीचा आहे, आपण घेऊ शकता," साहेबानं प्रामाणिकपणे सांगितलं. "कप मात्र आता परममैत्रीचा."

काचेबाहेर दोन रंगारी शिडीवर चढून विमानाच्या दारापाशी नवं चिन्ह काढत होते. परममैत्रीत तीन हात होते. एक हात जास्त, म्हणून ती परम.

पुढचं विमानही हरणाचंच होतं आणि तिकीट कासवाचं. दोघांत आता बोलणं नव्हतं. महामैत्रीच्या खिडकीनं सांगितलं, विमान त्यांचं, त्यांना विचारा. परममैत्रीच्या खिडकीनं सांगितलं, तिकीट त्यांचं, त्यांना विचारा. आक्का आमच्या प्रवासी नाहीत, असं दोघींनी लेखीही दिलं. दोन्ही खिडक्यांमध्ये हातभर अंतर होतं आणि दोन्ही पोरी दुपारचा डबा एकत्र खात असाव्यात, कारण एकीचा चमचा दुसरीकडे होता.

आक्कांनी मुलांना फोन लावला.

"आई, पॉइंट माझे होते ते मी दिले," थोरला म्हणाला. "बाकीचं कार्डावर आहे. मधल्याला विचार."

"कार्ड माझं गं, पण तिकीट धाकट्यानं काढलं ना," मधला म्हणाला. "बदल त्यालाच करता येतो."

"मी नुसती बटणं दाबली, आई," धाकटा म्हणाला. "आणि तू आत्ता दादाकडे आहेस ना? की दादाची संपली?"

आक्कांनी फोन ठेवला. हे बोलणं आपण कुठंतरी ऐकलंय असं त्यांना वाटलं, पण कुठं ते आठवायला वेळ नव्हता. बुधवारची दुपार झाली होती. त्या महामैत्रीच्या खिडकीशी परत गेल्या.

"माझी बॅग कुठंय?"

"ती जाईल की, आक्का," खिडकीतली मुलगी उत्साहानं म्हणाली. "बॅगेचा टॅग शेवटपर्यंतचा आहे. सामानाचा करार वेगळा, तो वर्षअखेरपर्यंत चालू. मैत्री तुटली ती फक्त माणसांपुरती."

"म्हणजे बॅग पोचणार आणि मी नाही?"

"नियमानं तसंच दिसतंय."

आक्कांनी बांगड्या मागं सारून मनगट खिडकीतून आत घातलं.

"बांध."

"काय?"

"टॅग. मी सामान. वजन कर, पाहिजे तर दोरी बांध. पण उद्या दहाच्या आत मला तिथं उतरव."

मुलीनं तिच्या साहेबाला बोलावलं, साहेबानं नियमांचं पुस्तक. पुस्तकात 'सामान' या शब्दाची व्याख्या 'प्रवाशाच्या मालकीची, पण प्रवासी नसलेली कोणतीही गोष्ट' अशी होती. आक्का प्रवासी नाहीत हे दोन्ही खिडक्यांनी तासाभरापूर्वीच लेखी दिलं होतं. मालकीचा प्रश्न उरला. आक्का म्हणाल्या, "तीन मुलगे आहेत मला." साहेबानं 'सामाईक मालकी' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

आक्कांना वजनकाट्यावर उभं केलं, मनगटाला टॅग बांधला आणि सगळ्या माणसांच्या आधी विमानात नेऊन बसवलं. माणसांना रांग होती, सामानाला नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना 'नाजूक' म्हटलं, तेही छापील.

फक्त एक बारीकशी गोष्ट राहिली. एका तिकिटावर सामानाचा एकच डाग जातो. आक्का त्या टॅगवर गेल्या, त्यामुळे बॅग जास्तीची ठरली आणि पट्ट्यावर फिरत राहिली.

हे त्यांना गुरुवारी सकाळी साडेआठला, लेकीच्या गावी कळलं. हरवलेल्या सामानाच्या टेबलामागचा म्हातारा कारकून अर्ज भरून घेत होता.

"कायमचा पत्ता?"

"एप्रिलपर्यंत थोरल्याचा. ऑगस्टपर्यंत मधल्याचा. पुढं धाकट्याचा."

"कायमचा विचारतोय मी, बाई."

"तिन्ही कायमचेच आहेत. मी फिरते."

कारकुनानं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग मनगटावरच्या टॅगकडे पाहिलं. काही न बोलता त्यानं तिन्ही पत्ते एकाखाली एक लिहिले. आक्कांना तो बोलला असता तर चाललं असतं. ठेवणीतली चार उत्तरं त्यांच्या जिभेवर तयार होती. पण न बोलणाऱ्याला उत्तर द्यायचं कसं?

दहाला वीस मिनिटं कमी असताना त्या लेकीच्या उशाशी पोचल्या. लेकीच्या मनगटाला इस्पितळाची पट्टी, आईच्या मनगटाला विमानाची.

"गोधडी?" लेकीनं विचारलं.

"थेट येतेय," आक्का म्हणाल्या, आणि काउंटरवरचा तो शब्द स्वतःच्याच तोंडून ऐकून त्यांनी काखेतलं पांघरूण पुढं ओढलं.

मुलगी झाली. अकरा वर्षं उसवून शिवलेल्या टाक्यांऐवजी तिला पहिली ऊब दिली ती काखेतून आलेल्या त्या पांघरुणानं, कोपऱ्यात एका हातानं दुसरा हात धरलेल्या. परिचारिका म्हणाली, "किती छान चिन्ह आहे. मायेचं."

बॅग सोळा दिवसांनी सापडली आणि अर्जातल्या पहिल्या पत्त्यावर गेली. थोरल्यानं ती आदरानं पाहिली आणि सांगितलं, माझी पाळी संपली, मधल्याकडे न्या. मधल्यानं दोरी चाचपली आणि सांगितलं, आई आली की माझी सुरू, ती अजून आलेली नाही. धाकटा म्हणाला, सप्टेंबरात आणा. तिघांनीही पोचपावतीवर सही केली, तिघांनीही चहा विचारला, बॅग कुणी घेतली नाही. भांडणही झालं नाही. बॅग महामैत्रीकडे परत गेली.

महामैत्रीच्या सहामाही सभेत हे प्रकरण विषयपत्रिकेवर आलं. जबाबदारी इतक्या सुरळीतपणे हस्तांतरित करणारी व्यवस्था संघाला उरलेल्या अठरा कंपन्यांतही आढळली नव्हती. पत्र आलं: 'आपले कुटुंब व आमचा संघ यांची कार्यपद्धती एकच असल्याने आपणास एकोणिसावे सदस्यत्व देण्यात आम्हांस आनंद होत आहे.' मुलांना धन्य वाटलं. सोबत आलेल्या प्रमाणपत्राला चौकट केली आणि ती कोणाच्या भिंतीवर लावायची यावर वाद नको, म्हणून चार-चार महिने वाटून घेतली.

लेकीनं ते पत्र वाचून दाखवलं. आक्का नातीला मांडीवर घेऊन, नव्या कापडाला पहिला टाका घालत होत्या.

"परत कधी निघायचं, आई? दादा विचारतोय. मधला पण विचारतोय, म्हणजे कधीपासून धरायचं ते."

"त्यांना सांग, डाग पोचला. पोचलेला डाग परत करत नाहीत." आक्कांनी दोरा दातानं तोडला. मनगटावरचा टॅग त्यांनी अजून काढला नव्हता. त्याच्यावर निदान एकच पत्ता होता.

इकडे गल्लीत मात्र प्रमाणपत्राचा बोभाटा झाला. महामैत्रीनं मागणी पाहून सदस्यत्व सर्व घरांना खुलं केलं. अर्ज सोपा आहे, शुल्क नाही. एकच प्रश्न: 'आपली आई आज कोणाकडे आहे?' उत्तर लगेच लिहिता आलं, तर अर्ज फेटाळला जातो. उत्तरासाठी ज्याला भावाला फोन करावा लागतो, त्याचा आपोआप मंजूर होतो.

लावून झाला असेल फोन, तर सही खाली करावी.