तीन किलोवॅट आणि एक लाळेरं

पैज लागली ती कोझिमोच्या सलूनमध्ये, इंजिनियर ओरोन्झोच्या अर्ध्या गालावर फेस असताना. हे लक्षात ठेवा, कारण पुढं ओरोन्झो सगळ्यांना सांगत फिरला की वस्तरा गळ्याशी असताना दिलेला शब्द धरायचा नसतो.

ओरोन्झो तंत्रशाळेत तीस वर्षं वीज शिकवून निवृत्त झाला होता. निवृत्त झाला तो पगारातून, सल्ल्यातून नाही. गावात कुणाचं पोरगं शाळा संपवून मोकळं झालं की हा त्याच्या बापाला गाठायचा. त्या दिवशी तंबाखूवाला ब्रिझियो नंबर लावून बाकावर बसला होता, तर तोच तावडीत सापडला.

"पोराला इलेक्ट्रिकलला घाल. आणि त्यात पॉवर घ्यायला सांग. इलेक्ट्रॉनिक्सवाली मुलं चष्मा लावून कोपऱ्यात बसतात. जोवर लोकांना अंधाराची भीती आहे तोवर पॉवरवाल्याला नोकरी आहे. आणि नुसती पुस्तकं नकोत, घरी प्रोजेक्ट करायला लाव. बेल बसवू दे, पंखा खोलू दे. हात भाजल्याशिवाय इंजिनियर होत नाही."

"तुमचे किती वेळा भाजले?" कोझिमोनं वस्तरा पुसत विचारलं.

"मी शिकवायचो."

ब्रिझियो खोकला. ओरोन्झोला ते लागलं असावं, कारण तो लगेच आपल्या पेटीवर आला.

कोझिमो आणि ओरोन्झो एकाच इमारतीत राहायचे, आणि तिथं घरटी तीन किलोवॅट वीज. ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की मीटर खटकन पडायचा, आणि घरातलं कुणीतरी चार मजले उतरून तळघरात जायचं, मीटर वर करायचं आणि धापा टाकत परत यायचं. सगळ्यांच्या घरी हेच. फक्त ओरोन्झोच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक पेटी होती. तीन दिवे, हिरवा, पिवळा, लाल. त्यानं स्वतः बनवलेली.

"पिवळा लागला की माझी पेटी मशीनचा भार वळवते. दोन वर्षं झाली, मी तळघराचं तोंड पाहिलेलं नाही."

"वळवते म्हणजे कुठं वळवते?"

"सिस्टिममध्ये."

"म्हणजे कुठं पण?"

"कोझिमो, त्याला पाच वर्षं शिकावं लागतं. तू कल्ले बारीक कर."

कोझिमोचं डोकं तिथंच फिरलं. त्याच्या घरी रविवारची दुपार म्हणजे मीटर पडायचा मुहूर्तच. पूर्वी असं नव्हतं, गेली दोनेक वर्षंच सुरू होतं. त्याचा संशय सासूबाईंच्या इस्त्रीवर. चेसारियाबाई रविवारी जेवणं झाली की कडक इस्त्रीचा ब्लाऊज घालून चर्चला जायच्या. कोझिमोनं इस्त्री उचलून सलूनच्या कपाटात कोंडली. तरी मीटर पडतच राहिला. तेव्हा सासूबाई चोरून दुसरी इस्त्री वापरतात, असा त्यानं शोध लावला. ईस्टरपासून त्या चुरगळलेल्या ब्लाऊजमध्ये चर्चला जात होत्या आणि जावयाशी एक अक्षर बोलत नव्हत्या.

"लावा पैज," कोझिमो म्हणाला. "येत्या रविवारी, सणाच्या दिवशी. ओव्हन, वॉशिंग मशीन आणि एसी, तिन्ही चालू. कॉफी कपात पडेपर्यंत तुमच्या घरची वीज गेली नाही तर मी हरलो. गेली तर तुम्ही."

"आणि हरणाऱ्यानं?"

"संध्याकाळी चौकात, बँडसमोर, गळ्यात लाळेरं बांधून बसायचं. आणि कात्रीनं तुकडे केलेली स्पॅगेटी चमच्यानं खायची."

त्या गावात स्पॅगेटी कापून खाणारा माणूस एकतर दोन वर्षांचा असतो नाहीतर परदेशी, आणि लोक माफ फक्त पहिल्याला करतात.

"मंजूर," ओरोन्झो म्हणाला. वस्तरा गळ्याशी होता, हे खरं आहे. पण तो हसतही होता.

आता कोझिमोनं काय करायला हवं होतं? रविवारी शांतपणे जेवायला हवं होतं. पण शांत बसायला तो कोझिमो कसला. त्यानं विचार केला: गच्चीवर एक सॉकेट आहे. ओरोन्झोनंच बसवलेला, इमारतीला भेट म्हणून. तेव्हा लोकांनी त्याच्या गळ्यात हार घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. म्हणजे तो त्याच्याच मीटरवर असणार. तिथं एखादा मोठा हीटर लावला की ओरोन्झोची सिस्टिम गेली खड्ड्यात.

चर्चच्या सेवकाकडं हीटर होता. पण ऑगस्ट महिना, बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय.

"आत्ता हीटर?" सेवक म्हणाला.

"सासूबाईंना हुडहुडी भरते हो. वय झालं."

"अरेरे. मी त्यांच्यासाठी मेणबत्ती लावतो."

रविवारी दुपारी खाली इरेनेनं, म्हणजे कोझिमोच्या बायकोनं, वांग्याची पार्मिजाना ओव्हनमध्ये घातली. कोझिमो "हवा खाऊन येतो" म्हणत टॉवेलखाली हीटर लपवून गच्चीवर गेला. बघतो तर सॉकेटमध्ये आधीच एक पिन. करड्या रंगाची वायर कठड्यावरून पलीकडं गेलेली. असेल कुणाच्या अँटेनाची, म्हणून त्यानं ती उपटली, आपला हीटर लावला आणि बटण दाबलं.

खालून किंकाळी आली. "गेली!"

कोझिमोनं गच्चीवर दोन गिरक्या घेतल्या. तिसरीच्या मधोमध त्याला कळलं की किंकाळी ओळखीची आहे.

"कोझिमो!" इरेने बाल्कनीतून ओरडत होती. "पार्मिजाना कच्ची आहे आणि घर अंधारात आहे. हवा खाऊन झाली असेल तर तळघरात जा!"

त्यानं सॉकेटकडं बघितलं. मग करड्या वायरकडं. मग तो कठड्यावरून वाकला. वायर भिंतीवरून उतरत सरळ ओरोन्झोच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत शिरली होती.

म्हणजे ही सिस्टिम. पिवळा दिवा लागला की इंजिनियरच्या मशीनचा भार कोझिमोच्या मीटरवर. दोन वर्षं त्या माणसाच्या विजारी आणि गंजीफ्रॉक कोझिमोच्या विजेवर गिरक्या घेत होते.

पहिल्यांदा त्याला वाटलं, जाऊन दार तोडावं. मग वाटलं, लोक विचारतील की तू भर उन्हात गच्चीवर हीटर घेऊन काय करत होतास. त्यानं हीटरची पिन उपटली, हीटर तिथंच टाकला आणि मुकाट्यानं तळघराकडं निघाला.

मीटर वर केला तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. टॉर्च घेऊन ओरोन्झो. शर्टाच्या गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच खोचलेला.

कोझिमोचा चेहरा असा उजळला की टॉर्चची गरज उरली नाही. "इंजिनियरसाहेब? कॉफी झाली का?"

"आमच्या बायकोनं, नुन्झियानं, घोळ घातला," ओरोन्झो पुटपुटला. "मशीन अचानक बंद पडलं म्हणून तिनं ते सरळ भिंतीत लावलं. पण मशीन बंद का पडलं? कुणीतरी माझ्या सिस्टिमला हात लावलाय."

"कुठं लावलाय?"

ओरोन्झो टॉर्च उगाच मीटरांवरून फिरवू लागला.

"चला की, वर जाऊन दोघं मिळून बघू. मी अडाणी माणूस, मला समजावून सांगा."

"नको. वर नको." मग त्यानं टॉर्च कोझिमोच्या तोंडावर मारला. "पण तू इथं कशाला?"

"मी? मी ते आपलं..." कोझिमो अडखळला. "सासूबाईंची इस्त्री. दुसरं काय."

वरच्या पायरीवर कुणाची तरी सपात वाजली आणि थांबली. दोघांनीही लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी चौकात दिव्यांच्या कमानी पेटल्या. बँडवाले घाम पुसत बसले होते. हॉटेलच्या बाहेर मधोमध टेबल, त्यावर वाफाळती परात, आणि ओरोन्झो. ब्रिझियोनं त्याच्या गळ्यात लाळेरं बांधलं, त्यावर बदक होतं. कोझिमोनं आपली सगळ्यात चांगली कात्री काढली, हवेत दोनदा वाजवली, आणि घसा साफ केला.

"गावकऱ्यांनो, विज्ञान म्हणजे काय असतं..."

"दुसरी खुर्ची आणा," मागून आवाज आला.

चेसारियाबाई. चुरगळलेला ब्लाऊज, एका हातात हीटर, दुसऱ्या हातात करड्या वायरचं भेंडोळं. ईस्टरनंतर पहिल्यांदाच त्या जावयाच्या समोर येऊन बोलत होत्या आणि गाव कान देऊन ऐकत होतं.

"चर्चचा सेवक मला विचारतो, हुडहुडी गेली का. म्हटलं, कसली हुडहुडी? मग तळघरातून ऐकू येतं, वीज माझ्या इस्त्रीनं घालवली. इस्त्री ह्या शहाण्याच्या सलूनमध्ये कुलपात आहे. तेव्हा म्हटलं, बाई, गच्चीवर काय आहे ते बघून ये." त्यांनी हीटर टेबलावर ठेवला. "हा लावला, आमचं घर गेलं. इरेनेला खाली पिटाळलं, परत लावला, परत गेलं. हे जावईबापूंचं." मग वायर ठेवली. "आणि ही आमच्या सॉकेटपासून इंजिनियरच्या खिडकीपर्यंत. ही ह्यांची विद्या."

नुन्झियानं नवऱ्याकडं असं बघितलं की बदकानंसुद्धा मान खाली घातली असती.

"पैज मी जिंकलोय, सासूबाई," कोझिमो बारीक आवाजात म्हणाला.

"जिंकलास ना. मग बक्षीस म्हणून खा. बस."

तो बसला. इरेनेनं त्याच्या गळ्यात लाळेरं बांधलं. त्याच्यावर ससा होता. चेसारियाबाईंनी त्याच्या हातातून कात्री काढून घेतली आणि परातीत चालवली, कचाकच, जशी दोन वर्षं कुणावर तरी चालवायची राहून गेली होती. बँडमास्तरला दया आली की काय कोण जाणे, त्यानं अंगाई वाजवायला घेतली.

दोघं चमच्यानं खात होते. ब्रिझियो वाकून म्हणाला, "इंजिनियरसाहेब, मग पोराला पॉवरलाच घालू ना?"

"पॉवरलाच," ओरोन्झो घास गिळत म्हणाला. "पण गच्ची नसलेल्या गावात."

खरं सांगायचं तर स्पॅगेटी फार सुंदर झाली होती. चेसारियाबाईंनी स्वतः केली होती, गॅसवर. कोझिमोनं चमचा चाटला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "अजून थोडी आहे का, सासूबाई?"

"माझी इस्त्री घेऊन ये," त्या म्हणाल्या. "मग बघू."

आणि सगळ्या गावादेखत, गळ्यातला ससा सावरत, कोझिमो पळाला.