एकच टोचणी

अनुभवी डॉक्टर सगळ्यांनाच हवा असतो. त्याच्या अनुभवासाठी लागणारी मान मात्र दुसऱ्याची असावी, अशी जनरीत आहे.

मुळशीतल्या आमच्या रुग्णालयाने या रीतीला शिस्त लावली. केमोथेरपीने हाताच्या शिरा थकल्या की मानेच्या शिरेत नळी घालून छातीच्या कातडीखाली नाण्याएवढी डबी बसवतात. तिला पोर्ट म्हणतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर पाहत असे पंचवीस पोर्ट बसवले की शिकाऊ सर्जन अनुभवी होतो. चोविसापर्यंत तो शिकाऊच. (साडेचोवीस असा आकडा नियमात नाही.)

पहिल्याच टोचणीत शीर सापडण्याचं आमचं प्रमाण शेकडा अठ्ठ्याण्णव आहे. सुई कातडीबाहेर आली तरच टोचणी संपली असं आम्ही धरतो. आत राहून तिने दाही दिशा धुंडाळल्या तरी टोचणी एकच. (उरलेले दोन टक्के प्रामाणिक निघाले, त्यांना समज दिली आहे.)

नेरे गावच्या रत्नाबाईंचं केमोचं औषध शीर न मिळाल्याने दोनदा चुकलं होतं. तिसऱ्यांदा चुकवून चालणार नव्हतं. त्यांचे यजमान हैबतराव यांनी बजावलं, "शिकाऊ पोरगं न्हाई चालायचं. अनुभवी मानूस पायजे."

मागणी मान्य झाली. अनुभवी डॉक्टर सबंध वेळ हजर होते, हात बांधून.

सुई डॉ. इंद्रजितच्या हातात होती. हा त्याचा पंचविसावा पोर्ट. तो रत्नाबाईंच्याच घरी वरच्या खोलीत भाड्याने राहतो, पण हे फॉर्मात कुठे विचारलेलं नाही. भूल जागेपुरतीच असते, त्यामुळे हिरव्या कापडाखाली बाई जाग्या होत्या आणि मोजत होत्या.

"इंद्रजित, तूच हायेस न्हवं?"

"हो, काकू. हलू नका."

"मी कुटं हलतीया? तूच हलतुयास. खोलीचं कुलूप तरी एका दमात उघडतंय का रं तुला?"

पडद्यावर शीर ठळक दिसत होती. सुई तिच्या आसपास हिंडत होती. सातव्या दिशेला रक्त आलं.

"पहिल्याच टोचणीत," अनुभवी डॉक्टरांनी नोंद सांगितली.

"सात," कापडाखालून दुरुस्ती आली.

"काकू, सुई बाहेर कुठं काढली?" इंद्रजित म्हणाला.

"खोली सोडली न्हाईस म्हून मी तुज्याकडनं एकाच म्हैन्याचं भाडं घेतलंय व्हय?"

रजिस्टरात 'एक' लिहिलं गेलं, कारण रजिस्टर कापडाबाहेर असतं. पोर्ट उत्तम बसला, दुसऱ्या दिवशी औषध सुरळीत गेलं. रत्नाबाई आठवडाभर मान एका अंगाला धरून हिंडल्या. त्यासाठी रकाना नाही.

पुढच्या महिन्यात हैबतराव धाकट्या भावाला घेऊन आले. "अनुभवी मानूस पायजे," त्यांनी पुन्हा बजावलं. आम्ही अभिमानाने डॉ. इंद्रजितचं नाव सांगितलं. एका टोचणीत शीर सापडली. या वेळी खरोखरच. (नोंदीत फरक दिसत नाही.)

आपणही कधी आलात तर अनुभवीच मागा. आपला नंबर सव्विसावा लागेल अशी सोय आम्ही करू. अर्जात एकच जादा रकाना आहे, तोही सक्तीचा नाही: आपल्या आधीच्या पंचविसांपैकी एकाचं तरी नाव लिहा. आजवर तो कुणी भरलेला नाही. हैबतरावांनीसुद्धा नाही.

पेन आम्ही देतो.